कित्ता गिरवा, जी.टी. मारू नका



गेल्या हिवाळ्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी कबूल करतो, म्हणजे पुढे चार गोष्टी सांगायला तोंड राहील.

आमची मुलगी अकरा वर्षांची. चार वर्षं पियानो शिकते आहे. एका रविवारी मराठीच्या वर्गाहून घरी आली आणि म्हणाली, "आई, बाबा, मी एक ट्यून केलीय, ऐका." सोळा मेझरची छोटीशी चाल होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिने पूर्वी वाजवलेल्या जी मेजरमधल्या मिन्युएटचाच तो ठेका! आम्ही पटकन बोलून गेलो, "अगं, ही तर नक्कल झाली. स्वतःचं काहीतरी कर की!"

तिने वही मिटली ती महिनाभर उघडली नाही. विचारलं तर म्हणाली, "स्वतःचं म्हणजे काय लिहू? कागद कोरा असला की माझं डोकं पण कोरं होतं."

शेवटी तिच्या पियानोच्या बाईंनी आमचे कान उपटले. तो गृहपाठ त्यांनीच दिला होता! त्यांनी मूळ मिन्युएट आणि मुलीचं पान शेजारी ठेवलं. मूळ चालीत पहिल्या मेझरला एक लांब सूर आणि चार आखूड, दुसऱ्या मेझरला तीन सारखे सूर. ही चौकट मुलीने तशीच ठेवली होती, पण सूर सगळे तिचे होते. मूळ चाल आठव्या मेझरला प्रश्न विचारल्यासारखी अर्धवट थांबते आणि सोळाव्याला घरी परत येते. मुलीनेही प्रश्न विचारला होता, पण तिचं उत्तर वेगळ्या वाटेने घरी आलं होतं. आम्हाला ते ऐकूच आलं नव्हतं.

त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ बोललो. नक्कल या शब्दाची आम्हाला एवढी भीती का? कारण आम्ही नक्कल शिकलो ती इंजिनिअरिंग कॉलेजात. तिथे ड्रॉइंगच्या शीटची 'जी.टी.' मारायची पद्धत होती. जी.टी. म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रेघेवर रेघ ओढायची. शीट सुरेख व्हायची. तोंडी परीक्षेत मात्र "ही रेघ तुटक का?" असं विचारलं की आम्ही गप्प.

पण त्याच्या कितीतरी आधी आपण सगळ्यांनी दुसरीही एक नक्कल केली आहे. ती म्हणजे कित्ता. या वर्गातली छोटी मंडळी दर आठवड्याला 'अ' गिरवतात, मग खालच्या ओळीत तो स्वतः काढतात. हळूहळू कित्ता सुटतो आणि प्रत्येकाचं अक्षर वेगळं होतं. जी.टी.मध्ये आपल्याला काहीच ठरवावं लागत नाही. कित्त्यात दर पायरीला थोडं थोडं ठरवावं लागतं. आमच्या मते फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

संगीतरचना शिकतानाही हाच कित्ता गिरवावा. आठ किंवा सोळा मेझरचा एक छोटा तुकडा घ्या. आधी तो स्वतःच्या हाताने लिहून काढा. मग ठेका तोच ठेवून सूर बदला. मग डाव्या हाताचे सूर तेच ठेवून उजव्या हातासाठी नवी चाल करा. शेवटी पुस्तक मिटा आणि तशाच घाटाचं आपलं काहीतरी लिहा. कोऱ्या कागदाची भीती कुठल्या कुठे पळते.

कोणी म्हणेल, अशाने मुलं कायम दुसऱ्यांसारखंच लिहितील. बाखचंच उदाहरण पाहा. त्याच्या मृत्यूनंतर १७५४ साली छापलेल्या चरित्रलेखात अशी हकीकत आहे की, लहानपणी त्याने मोठ्या भावाच्या कपाटातली स्वरलिपीची वही चोरून काढली आणि सहा महिने चांदण्यात बसून उतरवली. पुढे वायमारला नोकरीत असताना, १७१३-१४च्या सुमारास, त्याने व्हिवाल्डीच्या रचना ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डसाठी पुन्हा लिहिल्या. म्हणून बाखला कोणी व्हिवाल्डी म्हणत नाही! मोझार्टने १७६७ साली, म्हणजे आमच्या मुलीच्याच वयात, दुसऱ्या संगीतकारांच्या सोनाटांवरून चार पियानो कॉन्चेर्टो तयार केले. हात असाच बसतो.

मात्र एक अट हवी. कित्ता कोणाचा, ते लिहायचं. आमच्या मुलीचा तो मिन्युएट बाखच्या पत्नीच्या, आना माग्दालेनाच्या, १७२५ सालच्या वहीत आहे. वहीत रचनाकाराचं नाव नव्हतं, म्हणून जग तो बाखचाच समजून वाजवत राहिलं. तो ड्रेस्डेनच्या क्रिस्टियान पेट्झोल्ड या ऑर्गनवादकाचा आहे, हे कळायला १९७०चं दशक उजाडावं लागलं. आपली जुनी संगीत नाटकं याबाबतीत चोख होती. पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून कोणत्या गाण्यावरून ती घेतली ते छापलेलं असे. यात कोणाला कमीपणा वाटत नसे. नाव लिहून केलेली नक्कल म्हणजे अभ्यास, नाव लपवून केलेली म्हणजे चोरी. मुलांना हा फरक शिकवू या, नक्कलच बंद करायला नको.

आम्ही मुलीची माफी मागितली. तिने दोन दिवस भाव खाल्ला आणि मग वही उघडली. आता त्या पानावर, याच वर्गात शिकलेल्या अक्षरांत, लिहिलं आहे: 'चाल: पेटझोल्ड'. जोडाक्षर चुकलं आहे. आम्ही ते दुरुस्त केलेलं नाही.

तेव्हा पालकहो, तुमच्या घरी कोणी ओळखीची वाटणारी चाल वाजवून दाखवली, तर "ही कुठून घेतलीस?" असं दरडावू नका. "यात तू काय बदललंस?" असं विचारा आणि उत्तर नीट ऐका.

— एक पालक