आयतीं उत्तरें

पूर्वीं एखाद्या विषयाची माहिती हवी असली म्हणजे विद्यार्थी वाचनालयांत जाई, डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशाच्या २३ खंडांतून हवा तो खंड काढी, आणि इष्ट शब्दापाशीं पोहोंचेपर्यंत वाटेंत आणखी चार गोष्टी वाचून घेई. आज तो ज्ञानकोश व मराठी विश्वकोश हे दोन्ही महाजालावर वाचावयास मिळतात. परंतु त्यांचें दार ठोठावण्यापूर्वीं विद्यार्थी गूगलला विचारतो, आणि पुष्कळदां तेथूनच परततो. या संवयीचा लेखकांवर व प्रकाशकांवर काय परिणाम होतो, इकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

१९९८ सालीं स्थापन झालेल्या गूगलची मूळ रीत अशी: यंत्रानें जगांतील पानें वाचावीं, त्यांची सूची करावी, आणि कोणीं प्रश्न केला असतां उपयुक्त पानांचे पत्ते क्रमवार पुढें ठेवावे. यांत एक अलिखित करार होता. प्रकाशकानें आपला मजकूर यंत्रास फुकट वाचूं द्यावा. यंत्रानें त्याच्याकडे वाचक धाडावा. वाचक आला म्हणजे जाहिरात, वर्गणी व पुस्तकविक्री यांतून श्रमाचें मोल निघे.

हा करार आतां ढिला झाला आहे. २०२४ च्या मे महिन्यांत अमेरिकेंत व ऑगस्टांत भारतांत गूगलनें कृत्रिम बुद्धीनें रचलेला सारांश पुष्कळ प्रश्नांस सर्वांच्या वर देण्यास आरंभ केला. सोबत मूळ पानांचे दुवे असतात खरे. पण तहान भागल्यावर विहिरीची वाट कोण विचारतो? प्रकाशकानें यंत्रास मज्जाव करावा, तर वाचकांस तो सांपडेनासा होतो. मोकळीक द्यावी, तर मजकूर जातो आणि वाचक येत नाहीं. ऑस्ट्रेलियानें २०२१ सालीं वृत्तपत्रांच्या मोबदल्याविषयीं कायदा केला. आमच्या विश्वकोशास शासनाचा आश्रय आहे. परंतु तालुक्याचा इतिहास किंवा बोलींतील शब्द पदरमोड करून छापणारा लहान मराठी प्रकाशक कोणाच्या बळावर टिकेल?

कोणी म्हणेल, वाचकाची सोय झाली, मग बिघडलें कोठें? आमचें उत्तर असें कीं, यंत्र स्वतः गांवोगांव हिंडून माहिती मिळवीत नाहीं. जो हिंडला त्याचें लिहिलेलें तें वाचतें. लिहिणारा थांबला तर यंत्रास सांगण्यासारखें नवें कांहींच उरणार नाहीं. शिवाय सारांश चुकतोही. आणि ज्यानें मूळ पाहिलें नाहीं, त्यास ती चूक कळावी कशी?

म्हणून विद्यार्थिमित्रहो, निबंध लिहितांना सारांशापाशीं थांबूं नका. मूळ पान उघडा, लेखकाचें नांव व साल टिपून घ्या, आणि तें निबंधाखालीं लिहा. पालकांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं घरीं एखाद्या तरी मराठी मासिकाची वर्गणी भरावी. दुसऱ्याच्या शेतांतील धान्य फुकट न्यावयाचें आणि पुढील वर्षीं त्यानें पुन्हां पेरणी करावी अशी आशा धरावयाची, हें न्यायाचें नव्हे आणि शहाणपणाचेंही नव्हे.