मुक्त व्यापार करार आणि चवदार तळ्याचा ठराव

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या. कर्जत स्टेशनपासून दहिवलीपर्यंतच्या चहाच्या टपऱ्यांवर त्याची चर्चा झाली ती एवढीच, की विलायती दारू आणि गाड्या स्वस्त होणार. आपल्या कार्यकर्त्यांनीही हा विषय व्यापाऱ्यांचा म्हणून सोडून दिला. आम्हाला ही चूक वाटते. असे करार आयात-निर्यातीपुरते राहत नाहीत. विधानसभा, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि ग्रामपंचायत यांनी काय ठरवायचे आणि काय नाही, इथपर्यंत ते पोहोचतात.

आधी संविधान पाहू. शेती, जमीन, पाणी, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्यसूचीत आहेत. परदेशाशी करार करणे हा मात्र केंद्राचा विषय. कलम २५३ नुसार आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते, तो विषय राज्यसूचीतला असला तरीही. शिवाय सही करण्यापूर्वी संसदेची मंजुरी घेण्याचे बंधन सरकारवर नाही, मंत्रिमंडळाचा निर्णय पुरतो. राज्यांना विचारण्याचेही बंधन नाही. २००९ मध्ये आसियान देशांशी करार झाला तेव्हा केरळने रबर, मिरी आणि मच्छीमारांच्या प्रश्नावर मोठा विरोध केला. करार १ जानेवारी २०१० पासून लागू झालाच.

महाराष्ट्राला याहून कडू अनुभव आहे. गुहागर तालुक्यातल्या एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी राज्य वीज मंडळाने १९९३ मध्ये करार केला. वीज परवडेना म्हणून २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले. प्रकल्पात भागीदार असलेल्या जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या अमेरिकी कंपन्या. भारत आणि अमेरिका यांच्यात गुंतवणूक करार नव्हता, म्हणून मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस कराराचा आधार घेऊन दावा लावला गेला. भांडण राज्याच्या मंडळाशी, प्रतिवादी भारत सरकार, आणि निवाडा आपल्या न्यायालयाबाहेरच्या लवादापुढे. २००५ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. अंजनवेल-वेलदूरच्या ज्या गावकऱ्यांनी प्रकल्पाविरुद्ध लाठ्या खाल्ल्या, त्यांना दाद मागायला असा लवाद कुठेच नव्हता. करारात गुंतवणूकदाराला हक्क असतो, गावाला नसतो.

यातून केंद्राने काही धडा घेतला, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर २०१५ मध्ये मंजूर झालेल्या नमुना गुंतवणूक करारात स्थानिक शासनाचे निर्णय कराराच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. परदेशी कंपनीने आधी पाच वर्षे इथल्या न्यायालयात दाद मागावी, अशीही अट आहे. पण नमुना म्हणजे वाटाघाटीची सुरुवात. २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या करारात ही पाच वर्षे तीनवर आली.

आता सरकारी खरेदीकडे या. इथे आपल्या तरुणांचा थेट संबंध आहे. केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करावी, आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यावी, असे धोरण आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेले आपले लोकही अनुसूचित जातींत मोडतात. हे ४ टक्के कागदावरच राहतात ही आपली जुनी तक्रार. ब्रिटन करारात केंद्राच्या मोठ्या निविदांमध्ये ब्रिटिश पुरवठादारांना प्रवेश मिळाला आहे. राज्ये आणि स्थानिक संस्था सध्या वगळल्या आहेत. ‘सध्या’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण युरोपीय देशांची मागणी नेहमी खालच्या पातळीपर्यंत जाण्याचीच असते. उद्या नगरपालिकेची निविदाही त्यात आली, तर इथल्या छोट्या कंत्राटदाराला प्राधान्य देण्याचा ठराव करताना नगरसेवकांना आधी करार उघडून पाहावा लागेल.

गुंतवणुकीची दुसरी वाट जमिनीतून जाते. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या चार देशांशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. त्यात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचे उद्दिष्ट आहे. ही गुंतवणूक आपल्याकडे यावी म्हणून राज्ये एकमेकांशी स्पर्धा करतात, आणि जमीन मागितली जाते ती बंदराजवळची, महामार्गालगतची. म्हणजे आपली.

रायगडने हे पाहिलेले आहे. महामुंबई सेझच्या वेळी, २१ सप्टेंबर २००८ रोजी, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत प्रशासनाने शेतकऱ्यांचे जनमत घेतले. लोक मोठ्या संख्येने नकार द्यायला आले. ते मत सरकारवर बंधनकारक नव्हते, तरी पुढे भूसंपादन बारगळले. कर्जत-खालापुरात २०१३ पासून ‘नैना’ आले आणि त्यातल्या गावांचे नियोजन सिडकोकडे गेले. कलम २४३ क्यू मध्ये तर औद्योगिक नगरी जाहीर करून तिथे नगरपालिकाच न ठेवण्याची तरतूद आहे.

यात बौद्धवाडीचे काय जाते? ग्रामपंचायतीने उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायची असते. वाडीचा रस्ता, समाजमंदिर, नळाची लाइन त्यातून होते. कारखान्याचा कर ग्रामपंचायतीच्या हातून गेला की हे १५ टक्केही आटतात. कातकरी आणि ठाकूर वाड्यांचे तर आणखी अवघड. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे तिथल्या ग्रामसभांना पेसाचेही संरक्षण नाही.

इथे कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच तर बलवान केंद्र हवे म्हटले होते, गावगाड्याचे गोडवे कशाला? प्रश्न रास्त आहे. गावाच्या हाती सत्ता म्हणजे गावातल्या सवर्णांच्या हाती सत्ता, हे आपल्याइतके कुणाला माहीत नाही. आपल्याच जिल्ह्यातले महाड घ्या. बोले ठरावानंतर १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब त्या तळ्यावर गेले. त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी तो ठराव रद्द केला. पण तळे सार्वजनिक होते, म्हणून लढा न्यायालयात उभा राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात जिंकता आला. ते एखाद्या कंपनीचे खासगी पाणी असते तर ठराव कुणी केला असता, आणि दावा कशावर चालला असता?

बाबासाहेबांचे बलवान केंद्र संसदेला उत्तर देणारे होते. संसदेत न जाता सही होणारा करार त्या केंद्रात बसत नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे. राज्यसूचीतल्या विषयाला हात लावणारा प्रत्येक करार सहीपूर्वी विधिमंडळात चर्चेला यावा, आणि त्याचा मराठी मसुदा जिल्हा परिषदेपर्यंत पोहोचावा.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. येत्या ग्रामसभेत १५ टक्क्यांचा हिशोब लेखी मागा. दहिवली आणि कर्जतमधल्या तरुणांनी नगरपालिकेच्या गेल्या तीन वर्षांच्या निविदा माहिती अधिकारात काढाव्यात, आणि त्यात आपल्या समाजातल्या किती कंत्राटदारांना काम मिळाले ते मोजावे.