नववा प्रश्न

गेल्या सेमच्या सुरुवातीला आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्यूआर कोड पडला. ‘वेलनेस सर्व्हे. कम्पल्सरी. आज पाचच्या आत भरा.’ खाली सीआरचा नेहमीचा मेसेज, ‘भरा रे पटापट, नाहीतर मॅडम मला धरतील.’ कोड स्कॅन केला. पहिल्याच पानावर पूर्ण नाव, पीआरएन नंबर आणि पालकांचा मोबाइल. मग नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक लागते का, अभ्यासात लक्ष लागतं का, आपण वाया गेलोय असं वाटतं का. प्रत्येकाला चार पर्याय, ‘अजिबात नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत. नववा प्रश्न असा, की मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार मनात आले का?

मी कॅन्टीनमध्ये होते. समोर माझी रूममेट. त्या महिन्यात ती रात्र रात्र जागी असायची, मेसचा डबा तसाच परत जायचा. तिने फोन हातात घेतला, माझ्याकडे बघून हसली आणि सगळीकडे ‘अजिबात नाही’ दाबत खाली गेली. नवव्यालाही. मग मीही तेच केलं. खरं सांगा, फॉर्मच्या वरच्या टोकाला बाबांचा नंबर लिहिलेला असताना तुम्ही काय केलं असतं?

हे प्रश्न कॉलेजने बसून काढलेले नाहीत. ‘पीएचक्यू-९’ नावाची ही प्रश्नावली नैराश्य तपासायला जगभर वापरली जाते आणि ती वाईट नाहीये. डॉक्टरांच्या खोलीत, दार बंद करून, पुढे कुणीतरी ऐकणारं आहे हे माहीत असताना भरली तर ती खूप काही सांगते. तरीही अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की ही प्रश्नावली भरल्यानंतर महिन्याभरात झालेल्या आत्महत्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त व्यक्तींनी नवव्या प्रश्नाला ‘अजिबात नाही’ असंच उत्तर दिलं होतं. आणि तो दवाखान्यात भरलेला फॉर्म होता. आमचा तर सीआरच्या धाकाने भरलेला.

मी स्टॅटिस्टिक्स शिकते, त्यामुळे हा विषय माझ्या वर्गातही रोज येतो. आमच्या बॅचमध्ये दोन ग्रुपनी ह्यावरच प्रोजेक्ट केलंय. नेटवरून सोशल मीडिया पोस्टचा डेटासेट उतरवायचा, मॉडेल ट्रेन करायचं, कुठली पोस्ट ‘धोक्याची’ ते ओळखायचं. प्रेझेंटेशनला स्क्रीनवर ‘ॲक्युरसी ९४ टक्के’ आलं, टाळ्या पडल्या, व्हायवा संपला. मीही टाळ्या वाजवल्या. घरी जाताना बसमध्ये मात्र हिशोब करत बसले. तो तुमच्यासमोर मांडते, कागद-पेन घ्यायची गरज नाही.

‘एनसीआरबी’च्या २०२२च्या आकड्यांनुसार देशात आत्महत्येचं प्रमाण लाखामागे १२.४ होतं. आपण १२ धरू. आता समजा आपल्याकडे एक झकास ॲप आहे. ज्यांना खरा धोका आहे अशा दहातल्या नऊ जणांना ते ओळखतं आणि ज्यांना धोका नाही अशा दहातल्या नऊ जणांना ते बरोबर सोडून देतं. एक लाख लोकांवर ते चालवलं. बारातले अकरा सापडले, छान. पण उरलेल्या जवळपास लाखभर लोकांमधून दहा टक्के चुकून लाल यादीत आले, म्हणजे दहा हजार. हातात दहा हजारांहून थोडी जास्त नावं आणि त्यात खरी अकरा. साधारण नऊशे जणांमागे एक. कोणती अकरा, ते ॲपला माहीत नाही. बारावी व्यक्ती तर यादीतच नाही.

उलट, काहीही न करता सरसकट सगळ्यांना ‘धोका नाही’ म्हणणारं मॉडेल ९९.९८ टक्क्यांहून जास्त ॲक्युरेट ठरतं! तेव्हा पुढच्या वेळी कुणी स्क्रीनवर ॲक्युरसी दाखवून छाती फुगवली, तर हा हिशोब विचारा.

म्हणजे हे सगळं फालतू आहे का? असं मला वाटत नाही. कारण दुसरी बाजूही तितकीच अस्वस्थ करणारी आहे. २०१७ साली संशोधकांनी मागच्या पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून पाहिलं, की आत्महत्येचा धोका आपण कितपत ओळखू शकतो. निष्कर्ष असा, की जे ठरावीक धोक्याचे घटक आपण पुस्तकात वाचतो, त्यांवरून बांधलेला अंदाज नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरा. ‘बघून कळतं हो आम्हाला’ म्हणणारे अनुभवी लोकही चुकतात. म्हणून तर लोक डेटाकडे वळले. आणि आकडे हातावर हात ठेवून बसण्यासारखे नाहीत. त्याच २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. ते तुमच्या-माझ्या वयाचे होते. काही जण कदाचित ह्याच पुरवणीचे वाचक.

डेटा वापरून नीट काम करायचं तर कसं, ह्याचं एक उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या माजी सैनिकांच्या आरोग्य खात्याने २०१७पासून ‘रीच व्हेट’ नावाची योजना सुरू केली. दर महिन्याला प्रत्येक केंद्रातल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी मॉडेल चाळतं. आधीचे प्रयत्न, निदान, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या. त्यातून सर्वांत वरच्या ०.१ टक्के लोकांची नावं काढली जातात. पुढचा भाग महत्त्वाचा. ती नावं पोलिसांकडे जात नाहीत, घरी जात नाहीत. त्या रुग्णावर आधीच उपचार करणाऱ्या डॉक्टर किंवा थेरपिस्टकडे जातात. ते फाइल पुन्हा बघतात आणि फोन करून विचारतात, कसे आहात, उपचारात काही बदलायला हवं का? चार वर्षांनी तपासलं, तर लोकांच्या भेटी वाढल्या होत्या, नोंदलेले प्रयत्न थोडे कमी झाले होते, मृत्यूच्या आकड्यात मात्र फरक दिसला नाही. आणि २०२४मध्ये पत्रकारांनी उघड केलं, की हे मॉडेल गोऱ्या पुरुषांना झुकतं माप देत होतं. सैन्यात झालेले लैंगिक अत्याचार त्याच्या हिशोबातच नव्हते. म्हणजे ज्या बाईला खरी गरज, ती यादीत खाली. नंतर मॉडेल बदललं गेलं.

आता हेच आपल्याकडे आणून बघा. मॉडेल कशावर शिकणार? जो सरकारी दवाखान्यात मानसोपचारासाठी गेलाच नाही, त्याची नोंदच नाही. गावाकडून आलेला, एका खोलीत सहा जणांत राहणारा, इंग्रजीत ‘फीलिंग लो’ असं स्टेटस न टाकणारा मुलगा कुठल्या डेटासेटमध्ये असतो? आपल्याकडे ‘डोकं जड झालंय’, ‘जीव रमत नाही’, ‘कंटाळा आलाय सगळ्याचा’ असं बोलतात. मराठीतला ‘कंटाळा’ कधी लेक्चरचा असतो आणि कधी जगण्याचा. मैत्रिणीला आवाजावरून तो फरक कळतो. मॉडेलला कसा कळणार?

आणि विश्वासाचं काय? २०१४मध्ये ब्रिटनमधल्या ‘समॅरिटन्स’ ह्या नामांकित हेल्पलाइन संस्थेने ट्विटरसाठी ‘रडार’ नावाचं ॲप काढलं. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांच्या ट्वीटमध्ये निराशेची भाषा दिसली, की तुम्हाला ईमेल. हेतू चांगलाच. पण ज्यांच्यावर नजर ठेवली जात होती त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. छळणाऱ्या माणसाच्या हातातही तोच ईमेल पडणार होता. मानसिक आजारातून जाणाऱ्या लोकांनीच सर्वांत मोठा विरोध केला. आता आम्ही मोकळेपणाने लिहायचं तरी कुठे, हा त्यांचा सवाल होता. दहा दिवसांच्या आत ॲप बंद करावं लागलं. अमेरिकेतल्या ‘क्रायसिस टेक्स्ट लाइन’चा किस्सा तर आणखी कडू. मध्यरात्री मेसेज करून मदत मागणाऱ्यांच्या संवादांचा डेटा, नावं काढून का होईना, कस्टमर सर्व्हिसचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला दिला जात होता. जानेवारी २०२२मध्ये बातमी फुटली, काही दिवसांत ते थांबवलं गेलं.

ब्रिटनच्या ‘नाइस’ ह्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना उपचार कसे करावेत हे डॉक्टरांना सांगतात. २०२२च्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय, की स्वतःला इजा केलेल्या व्यक्तीबाबत पुढचं भाकीत करायला स्कोअर किंवा स्केल वापरू नका. ‘लो, मीडियम, हाय’ असे शिक्के मारू नका, आणि त्या शिक्क्यांवरून कुणाला उपचार द्यायचे, कुणाला नाही, हे ठरवू नका. त्याऐवजी त्या माणसाला काय हवंय ते बघा.

मला विचाराल तर सगळा घोळ ह्या एका जागी आहे. स्कोअर कशासाठी काढायचा? मदत पोहोचवायला, की हात झटकायला? ‘हाय रिस्क’ शिक्का बसलेल्या मुलीला ‘तू घरी जा, बरी झालीस की ये’ म्हणून हॉस्टेल रिकामं करायला लावलं, तर कॉलेजची जबाबदारी संपते. तिची अडचण तिथून सुरू होते. आणि ‘लो रिस्क’ आलेल्याला कुणी विचारतच नाही.

आता चेन्नईचं ऐका. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला, त्यात आपलं चेन्नई होतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर इमर्जन्सीत आलेले १,८६७ लोक. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्यावर जास्तीचं एवढंच, की घरी जाण्यापूर्वी तासभर समजावून सांगणं, बोलणं, आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. कसे आहात, काही लागतंय का. अठरा महिन्यांनी पाहिलं, तर पहिल्या गटात २.२ टक्के लोकांनी आयुष्य संपवलं होतं, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. इथे कोण जास्त धोक्यात आहे हे ओळखायची भानगडच नव्हती, आलेल्या प्रत्येकाला फोन गेला. पण फोन करायला माणूस लागतो, आणि आपल्याकडे लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही. ॲप स्वस्त पडतं, हे त्याच्या लोकप्रियतेचं खरं कारण असावं असा मला दाट संशय आहे.

डेटा हवाच असेल तर एक सुचवू? माझा स्कोअर काढण्याआधी कॉलेजचा काढा. काउन्सेलरची अपॉइंटमेंट मिळायला किती दिवस लागतात? स्कॉलरशिपचे पैसे किती महिने अडकलेत? रिझल्ट लागल्यानंतरच्या आठवड्यात हॉस्टेलवर कोण असतं? डिफॉल्टर लिस्ट नावानिशी नोटीस बोर्डवर का लागते? ह्या सगळ्याचा डेटा ऑफिसात आहे, त्याला कुणाच्या मनात डोकवायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सांगितलंय, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. तुमच्या कॉलेजात आहे का? त्यांची खोली कुठे आहे, माहितीये?

रूममेटचं सांगायचं राहिलं. त्या रात्री मी तिला नववा प्रश्न सरळ विचारला, फॉर्म नसताना. भीती वाटत होती, की विचारल्याने डोक्यात नसलेलं काही जाईल. तसं होत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘काही दिवस.’ आम्ही १४४१६ लावला. ही ‘टेलि-मानस’ सरकारी लाइन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. पलीकडच्या ताईंनी पीआरएन विचारला नाही. पुढच्या आठवड्यात ती सिव्हिलच्या ओपीडीत गेली, मी सोबत गेले. आता औषधं चालू आहेत, डबा निम्मा तरी संपतो. हे सगळं इथे लिहू का, हे मी तिला आधी विचारलंय.

ह्या सेमचा क्यूआर कोड सोमवारी आला. ह्यावेळी मी भरला नाही. विभागप्रमुखांना लेखी तीन प्रश्न दिलेत. ही माहिती कोण बघतं, किती दिवस ठेवतात, आणि कुणी नवव्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं तर त्याच दिवशी नेमकं काय होतं? सर म्हणाले, बघून सांगतो. शुक्रवारी लंच ब्रेकमध्ये पुन्हा जाणार आहे. वर्गातले अकरा जण सोबत यायला तयार आहेत, सीआरसकट.