पासिंगपुरते टायर

मागच्या महिन्यात आमची गाडी नापास झाली. अब्बांनी, अल्लाह त्यांची मगफिरत करो, २०१० साली नवी घेतलेली ही छोटी पेट्रोल गाडी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत दाखवावी लागते आणि पास झाली तर पुढची पाच वर्षं मिळतात. अर्ज साठ दिवस आधीपासून करता येतो. आम्हाला ते माहीत होतं, तरी गेलो शेवटच्या आठवड्यात.

गाडी धुऊन-पुसून नेली होती. निरीक्षकांनी थोड्याच वेळात चार दोष लिहून दिले: हँडब्रेक धरत नाही, पुढचे दोन्ही टायर झिजलेले, उजवा हेडलाइट मंद, आणि ड्रायव्हरच्या बाजूचा खालचा पत्रा सडलेला. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, आमची बोटाला जेमतेम लागत होती.

बाहेर आलो तर एक गृहस्थ पुढे आले. म्हणाले, "एवढं काय तोंड पाडताय? पासिंगपुरते टायर लावू, दुपारी काढून घेऊ. पत्र्याला पुट्टी आणि वर काळा रंग. दोन हजारात काम होतं." खोटं कशाला सांगायचं, परतीच्या वाटेवर आमच्या मनात तोच हिशेब चालला होता.

घरी मशवरा बसला. धाकट्या भावाचं म्हणणं, पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी उचलून नेतं, त्याआधी भंगारात घाला. ही गोष्ट बऱ्याच घरांत ऐकू येते, पण ती दिल्लीची आहे. दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली होती. आपल्याकडे निव्वळ वयामुळे गाडी बाद होत नाही. ती पास व्हावी लागते, आणि फी भरावी लागते. नूतनीकरणाची फी मोटारीला पूर्वी सहाशे होती, १ एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली. हरित कर वेगळा. नियमात उशिराचे महिन्याला पाचशेही आहेत.

भंगारात घालायची तर ती सरकारमान्य केंद्रातच द्यावी. तिथे ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या गाडीच्या नोंदणी फीत आणि करात सवलत मिळते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिली आणि नोंदणी रद्द केली नाही, तर कागदावर मालक तुम्हीच राहता. पण सवलत नव्या गाडीवर, आणि नवी गाडी म्हणजे आम्हाला बँकेचं व्याज. ते दार अब्बांच्या वेळेपासून बंद आहे. अम्मींनी उमऱ्यासाठी साठवलेल्या पैशांचा डबा पुढे सरकवला. तो आम्ही परत आत ठेवला.

मग विकायची का? साठ हजारांपर्यंत येतील, असं एकाने सांगितलं. पण घेणाऱ्याला सडलेला पत्रा दाखवला तर साठ येणार नाहीत, आणि न दाखवता ऐबदार माल विकायचा तर ते पैसे घरात कसे आणायचे? शिवाय साठ हजारात दुसरी जुनीच गाडी येणार, जिचे दोष आम्हाला ठाऊक नसणार.

शेवटी खोपोलीच्या गॅरेजात गाडी वर उचलून घेतली. मिस्त्रींनी पायाखालचं मॅट उलटलं आणि पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो आरपार गेला! कोकणातला पाऊस, ओल्या चपला, मॅटखाली मुरणारं पाणी. वरून गाडी चकाचक आणि खालून जाळी. मिस्त्री म्हणाले, जीपला वेगळी चासी असते, या छोट्या गाडीला तळ आणि दाराखालची पट्टी हाच सांगाडा. सड सस्पेन्शन जोडलेल्या जागेपर्यंत गेली असती, तर त्यांनीच भंगार सांगितलं असतं. ती जागा ठोकून पाहिली, शाबूत होती. पट्टी मात्र कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागणार होता. गंजावर ठिगळ लावून भागणार नव्हतं.

आणि मग त्यांनी पाचवी गोष्ट दाखवली, जी कागदावर नव्हतीच. मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा पाइप गंजून पापुद्रे सुटले होते. जोरात ब्रेक दाबला की फुटेल असा. आमच्या कुंभिवलीजवळ सावरोली-खारपाडा रस्त्यावर कंपन्यांचे ट्रेलर चालतात, आणि सुट्टीत मुलं मागच्या सीटवर बसवून आम्ही याच गाडीने बोरघाट चढतो-उतरतो. भाड्याच्या टायरवर गाडी पास झाली असती, तर हा पाइप कुणीच पाहिला नसता. त्या रात्री घरात कुणी फारसं बोललं नाही.

आमची एक मामेबहीण ब्रिटनमध्ये असते. तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते. २०१८ पासून दोषांची वर्गवारीच लिहून देतात: धोकादायक, मोठे, किरकोळ, आणि पुढे लक्ष ठेवण्याजोगे. धोकादायक दोष असेल तर दुरुस्तीशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. तिने फोनवर सांगितलं, तुमची यादीही तशीच लावा. लावली. ब्रेक, पत्रा, टायर, दिवा वर गेले. बंपरचा पोचा आणि उडालेला रंग खाली गेले, आणि तिथेच राहणार.

खर्च असा: पत्रा आणि वेल्डिंग चौदा हजार, ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेक साडेसहा हजार, दोन टायर सात हजार, दिवा अठराशे. एकूण एकोणतीस हजार तीनशे. किमतीच्या निम्म्याहून दुरुस्ती जास्त झाली तर गाडी सोडावी, असं म्हणतात. आम्ही काठावर होतो, फी धरली तर काठाच्याही पलीकडे. तरी केली. पंधरा हजार त्याच भावाने दिले, जो भंगार म्हणत होता. बिनव्याजी दिले. तारीख घालून, दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवलं. भाऊ असला म्हणून काय झालं?

मधल्या तीन आठवड्यांत गाडी गॅरेजात. बाजार, दवाखाना, सगळं शेअर रिक्षाने आणि एसटीने. एका रात्री अडीच वाजता शेजारच्या काकूंनी दार वाजवलं, सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. आळीत रात्रीबेरात्री आमचीच गाडी निघते, त्यांनाही ते पाठ. अंगणात गाडी नव्हती. १०८ला फोन लावला आणि ती येईपर्यंत आम्ही सगळे रस्त्यावर बॅटरी घेऊन उभे राहिलो. मुलगी झाली. अल्हमदुलिल्लाह, दोघी सुखरूप आहेत.

फेरतपासणी येत्या मंगळवारी आहे. पत्रा झाला, टायर आले, त्यांची पावती डॅशबोर्डमध्ये ठेवली आहे. हेडलाइटची काच मात्र अजून यायची आहे. मिस्त्री रोज उद्या म्हणतात.