यकृताच्या नोंदी खुल्या हव्यात

औषधामुळे यकृताला होणारी इजा ओळखण्यासाठी प्राण्यांवर ज्या चाचण्या केल्या जातात, त्यांत गेल्या पाव शतकात जनुक-अभिव्यक्तीच्या मोजणीची भर पडली असून, येऊ घातलेल्या इजेची आगाऊ सूचना देणारे साधन म्हणूनच तिच्याकडे बहुधा पाहिले जाते. ही अपेक्षा चुकीची नाही, मात्र अपुरी आहे. इजा कोणत्या मार्गाने झाली हे सांगण्यात या मोजणीचे खरे मोल आहे. आणि तो मार्ग त्या प्राण्यापुरताच आहे की माणसाच्या यकृतातही तसाच घडतो, याचा निवाडा अनेक औषधांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे या नोंदी औषध कंपन्यांच्या कपाटात बंद राहणे हा केवळ व्यापारी गुप्ततेचा प्रश्न मानता येणार नाही.

पेशीतील सगळी जनुके सदैव सारख्याच प्रमाणात कार्यरत नसतात. ज्या जनुकाची गरज भासते त्याची नक्कल संदेशवाहक आरएनए या रेणूच्या रूपाने काढली जाते, त्या नकलेवरून प्रथिन तयार होते, आणि एखाद्या वेळी कोणत्या जनुकाच्या किती नकला पेशीत आहेत, त्या प्रमाणाला जनुक-अभिव्यक्ती म्हणतात. हजारो जनुकांशी जुळणारे डीएनएचे तुकडे एका लहानशा पट्टीवर बसवून या नकला एकाच वेळी मोजण्याचे मायक्रोअ‍ॅरे हे तंत्र १९९०च्या दशकात पुढे आले. आता आरएनएचा क्रमच थेट वाचणाऱ्या पद्धती अधिक वापरात आहेत. नेहमीच्या विषशास्त्रीय चाचणीत रक्तातील एसजीपीटी हे विकर मोजले जाते आणि यकृताचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. परंतु यकृताच्या पेशींना इजा होऊन आतील विकर रक्तात उतरल्यावरच पहिली चाचणी बोलू लागते, तर दुसरीत पेशी मेल्या आहेत हे दिसते आणि त्या का मेल्या याचा तर्क विकृतिशास्त्रज्ञाला आपल्या अनुभवावरून करावा लागतो.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत हा मार्ग चांगला उलगडलेला आहे. या औषधाचा थोडा भाग यकृतातील सीवायपी२ई१ या विकरामुळे एका अतिशय क्रियाशील द्रव्यात बदलतो, ग्लुटाथायोन नावाचा रेणू त्याला निष्प्रभ करतो, आणि मात्रा फार मोठी झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपून ते द्रव्य प्रथिनांना चिकटते, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका निकामी होतात आणि पेशी मरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्यविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या मात्रेला नेहमीच्या चाचण्यांत उघड इजा आढळत नव्हती त्या मात्रेलाही पेशीतील ऊर्जा खालावत असल्याचे संकेत उंदरांच्या यकृतातील जनुकांच्या नोंदीत मिळाले होते. अशा निष्कर्षाचे स्वागत करतानाच एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. विषारी द्रव्य समोर आले की यकृत ते पचवणारी आणि निष्प्रभ करणारी जनुके वाढवते, हा त्याचा रोजचा व्यवहार आहे, आणि अशा प्रत्येक वाढीला इजा ठरवले तर निरोगी यकृताच्या समर्थ प्रतिसादावरून चांगली औषधेही बाद होतील. आगाऊ सूचनेवरच भिस्त ठेवण्यात धोका आहे तो हा.

मार्ग ओळखण्याचा उपयोग किती दूरवर जातो, हे रक्तातील मेद कमी करणाऱ्या फायब्रेट गटातील औषधांवरून स्पष्ट होते. क्लोफायब्रेट दिलेल्या उंदरांचे यकृत मोठे होते, पेशींत पेरॉक्सिझोम या मेदाम्लांचे विघटन करणाऱ्या कणांची संख्या वाढते आणि दीर्घकाळ औषध दिल्यास यकृतात गाठी होतात. एवढेच पाहिले असते तर हा सगळा गट माणसासाठी धोकादायक ठरला असता. जनुकांच्या नोंदीत मात्र पीपीएआर-अल्फा या ग्राहक प्रथिनाच्या हुकमतीखालची जनुके, त्यांत विशेषतः मेदाम्लांच्या विघटनाशी निगडित असलेली, एकदम वाढलेली आढळतात, आणि हा ग्राहक उंदरांत पेशींच्या वाढीला जसा जोर देतो तसा माणसाच्या यकृतात देत नाही, हे इतर संशोधनातून प्रस्थापित झालेले आहे. यकृताला घातक असलेल्या १५ ज्ञात द्रव्यांच्या नोंदी २००१ साली एका अभ्यासात एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा सारख्या रीतीने इजा करणारी द्रव्ये आपापल्या गटात आली होती. एकट्या द्रव्याची नोंद पाहून हे कळणे शक्य नव्हते.

या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच ठळकपणे सांगितल्या पाहिजेत. हिपॅटायटिस बीवरील फियालुरिडीन या औषधाच्या १९९३ साली अमेरिकेत झालेल्या चाचणीत १५ रुग्णांपैकी सात जणांच्या यकृताला गंभीर इजा झाली, त्यांतील पाच जण दगावले आणि दोघांचे प्राण यकृतरोपणामुळे वाचले. आधीच्या प्राणी-चाचण्यांनी या धोक्याची कल्पना दिली नव्हती. हे औषध तंतुकणिकांच्या आत नेणारे वाहक प्रथिन मानवी पेशीत तंतुकणिकांवर असते, तर उंदराच्या पेशीत ते त्या जागी नसते, असे पुढे आढळले. जी इजा उंदरात घडलीच नाही, तिची खूण त्याच्या जनुकांत शोधून मिळणार नाही. यकृतात मानवी पेशी रुजवलेल्या उंदरांत मात्र २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे औषध विषारी ठरले.

नोंदी खुल्या कशा ठेवाव्यात याचा आदर्श जपानने घालून दिला आहे. २००२ साली तेथील शासकीय संशोधन संस्था आणि औषध कंपन्या यांनी एकत्र येऊन सुरू केलेल्या प्रकल्पातून सुमारे १७० द्रव्यांच्या नोंदी ओपन टीजी-गेट्स या नावाने सर्वांसाठी उपलब्ध झाल्या आहेत. त्यांतील कार्यपद्धती बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रत्येक गटात पाच नर उंदीर; औषध न दिलेला एक गट आणि कमी, मध्यम व जास्त मात्रेचे तीन गट; एकाच मात्रेनंतर ३, ६, ९ आणि २४ तासांनी, तर रोजच्या मात्रेनंतर ३, ७, १४ आणि २८ दिवसांनी तपासणी. प्राणी मारल्याबरोबर यकृताच्या डाव्या बाजूच्या खंडातून जेमतेम ३० मिलिग्रॅमचा तुकडा काढून आरएनए टिकवणाऱ्या द्रवात ठेवला जाई आणि नंतर उणे ८० अंशांना गोठवला जाई. (एवढ्याशा तुकड्यात निरनिराळ्या भागांतील पेशींची सरासरी येते, आणि पॅरासिटामॉल मध्यवर्ती शिरेभोवतीच्या पेशी आधी मारत असल्याने अशा सरासरीत सुरुवातीचा बदल फिका पडण्याचा संभव राहतो.) रक्ताच्या तपासण्या आणि छेदांची चित्रे यांचीही जोड या नोंदींना आहे. हे वेळापत्रक पूर्ण पाळले तर एका द्रव्यामागे १६० उंदीर लागतात. इतक्या प्राण्यांचा जीव घेऊन मिळालेली माहिती जगातील कोणत्याही विद्यार्थ्याला मोफत वापरता यावी, हा निर्णय विज्ञानाइतकाच नीतीच्या दृष्टीनेही योग्य होता.

भारताच्या दृष्टीने हा विषय जवळचा आहे, कारण येथे औषधजन्य यकृतविकारांत क्षयरोगावरील औषधांचा वाटा सर्वांत मोठा असून, त्यांपैकी आयसोनियाझिडचे शरीरात रूपांतर करणारे एनएटी२ हे विकर माणसामाणसांत कमी-अधिक वेगाने काम करते, तर चाचण्यांत वापरल्या जाणाऱ्या कुत्र्यांत या विकराची जनुकेच नसतात. नवीन औषधांसंबंधीच्या भारतीय नियमांत २०२३ साली दुरुस्ती होऊन मानवी पेशींवर आधारलेल्या आणि इतर प्राणीविरहित पद्धतींना वाव मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु पेशींच्या थाळीत दिसणारा बदल संपूर्ण शरीरातील इजेशी जुळतो की नाही, हे ताडून पाहण्यासाठी आधीच्या प्राणी-नोंदींचाच आधार घ्यावा लागणार आहे. या कामी सर्वांत उपयुक्त ठरतील त्या यकृताच्या इजेमुळे अर्ध्यावर सोडून दिलेल्या औषधांच्या नोंदी, आणि नेमक्या त्याच सहसा प्रसिद्ध होत नाहीत.

म्हणून औषध नियामकाने पुनःपुन्हा मात्रा देऊन केल्या जाणाऱ्या प्रत्येक प्राणी-चाचणीत यकृताचा एक तुकडा गोठवून जपणे बंधनकारक करावे, आणि औषध सोडून दिल्यावर ठरावीक मुदतीत त्या तुकड्याची जनुक-नोंद, मात्रा, रक्ततपासण्या आणि छेदांची चित्रे सार्वजनिक संग्रहात जमा करण्याची अट घालावी. द्रव्याची रासायनिक रचना पेटंटचा निकाल लागेपर्यंत झाकून ठेवण्याची सवलत कंपन्यांना देता येईल, आणि तेवढ्या काळात निदान इजेचा मार्ग तरी इतरांना तपासता येईल.