आधी ‘किती पट’, मग तिरकस गुणाकार

सहावीच्या पालकांकडून दर वर्षी एक मागणी येते. गुणोत्तर-प्रमाणाचा पाठ सुरू झाला की मुलांना तिरकस गुणाकार लगेच शिकवून टाका. उत्तर झटपट येते, गुण मिळतात, शिकवणीतही तसेच शिकवतात. पालकांची काळजी आम्ही समजतो. तरीही आमचे मत याच्या उलट आहे. ही युक्ती शेवटी यावी, आधी नव्हे.

कारण सांगतो. राष्ट्रध्वजाची लांबी व उंची 3:2 असते, हे पंधरा ऑगस्टपर्यंत आमच्या सर्व मुलांना पाठ झालेले असते. ध्वजाच्या ठरलेल्या मापांपैकी सर्वांत लहान माप 150 गुणिले 100 मिलिमीटर. लांबी वाढवून 225 केली तर उंची किती घ्यावी, असे वर्गात विचारा. बरेच हात वर होतात आणि उत्तर येते 175. लांबीत 75 मिळवले, म्हणून उंचीतही 75! तेवढा कागद कापून फळ्यावर लावला की मुलेच हसतात, झेंडा फुगलेला दिसतो. खरे उत्तर 150. लांबी दीडपट झाली, म्हणून उंचीही दीडपट.

मुलांचे मन बेरजेने चालते, गुणोत्तर मात्र पटीने चालते. या दोहोंमधली पायरी चढायला वेळ लागतो, आणि तो वेळ तिरकस गुणाकाराने वाचत नाही. फक्त पायरी झाकली जाते. नववीत पाण्यातील हायड्रोजन व ऑक्सिजनचे वस्तुमान 1:8 असे येते, दहावीत समरूप त्रिकोण आणि त्रिकोणमिती येते. साइन म्हणजे शेवटी दोन बाजूंचे गुणोत्तरच. तिथे पाठांतरवाले गाडे अडते आणि दोष त्रिकोणमितीला दिला जातो.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिथे शब्द होते अनुपात, समानुपात आणि ऐकिक नियम. मराठीतला गुणोत्तर हा शब्द आम्हाला अधिक आवडतो, कारण त्याच्या तोंडीच ‘गुण’ आहे, बेरीज नाही. ‘प्रमाण’ या शब्दाने मात्र आपल्या इंदूरच्या मुलांचा थोडा गोंधळ होतो. हिंदीत प्रमाण म्हणजे पुरावा, आणि घरात आई म्हणते ‘मिठाचे प्रमाण जास्त झाले’. शिक्षकांनी हे तिन्ही अर्थ पहिल्याच तासाला फळ्यावर मांडावेत.

पाठांतर ही आपली जुनी रीतच आहे, असे काही पालक म्हणतात. आमचे म्हणणे, लीलावती पाहा. 1150 सालच्या या ग्रंथात भास्कराचार्यांनी त्रैराशिक दिले आहे. त्यात प्रमाण, फल आणि इच्छा अशा तीन राशी आहेत. प्रमाण व इच्छा एका जातीची, फल दुसऱ्या जातीचे. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागायचे. पण गुणाकाराआधी कोणती राशी कोणत्या जातीची, हे ठरवावे लागते. विचार तिथेच होतो! शिवाय व्यस्त त्रैराशिक वेगळे सांगितले आहे, म्हणजे एकच किल्ली सर्व कुलपांना लागत नाही, हे तेव्हाही माहीत होते. एक सदरा उन्हात दोन तासांत वाळला, तर पाच सदरे दोरीवर किती वेळात वाळतील? तिरकस गुणाकार करणारा मुलगा ‘दहा तास’ लिहून मोकळा होतो.

स्वयंपाकघरात हा विषय सर्वांत चांगला शिकवता येतो. श्रीखंडाच्या चक्क्याला साखर किती, इडलीला तीन वाट्या तांदूळ तर डाळ किती, हे मुलांना मोजू द्यावे. जुलाब झाल्यावर देण्याचे साखर-मीठ-पाणीही घ्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाणी अर्धा लिटरच असेल, तर साखर तीन चमचे आणि मीठ पाव चमचा. पाणी निम्मे केले आणि मीठ तेवढेच ठेवले, तर ते लहान बाळाला अपायकारक ठरू शकते. परीक्षेत अशा चुकीचा एक गुण जातो, घरात तेवढ्यावर भागत नाही.

वेगाला आमचा विरोध नाही. पुढे स्पर्धा परीक्षांत तो लागतोच. म्हणून या वर्षी असे ठरवले आहे की सहावीत सहामाहीपर्यंत फक्त ‘किती पट’ आणि एकमान पद्धत, म्हणजे तोच ऐकिक नियम, चालेल. तिरकस गुणाकार त्यानंतर, आणि तो का चालतो हे दाखवून. तोंडी परीक्षेत उत्तराला निम्मे गुण, ‘कसे काढले’ याला निम्मे. शिकवणीच्या सरांनाही पालकांनी एवढे कळवावे, म्हणजे मुलाला दोन घरचा पाहुणा व्हावे लागणार नाही.