विनामूल्य प्रसूती, दुर्लभ न्याय

प्रसूती अडून प्राणवायू अपुरा पडला, तर बाळाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. प्रत्येक इजेमागे हलगर्जीपणा असतोच असे नाही. त्याचा निवाडा प्रसूतिकाळातील नोंदींवरूनच होतो. मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या देणे २००२ च्या वैद्यकीय नियमांनी डॉक्टरांवर बंधनकारक केले आहे. मात्र १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, सर्वांनाच विनामूल्य सेवा देणारी रुग्णालये ग्राहक कायद्याबाहेर राहिली. तेथील गरीब मातेपुढे उरतो तो दिवाणी दावा वा उच्च न्यायालय. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया व बालकांना मोफत वकिलाचा हक्क दिला. तो बहुतेकींना ठाऊकच नसतो. म्हणून मातेस घरी पाठवतानाच नोंदींची प्रत आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता शासनाने तिच्या हाती द्यावा.